स्टेरिंग जड झालं म्हणून लगेच रॅक बदलू नका

प्रश्न : नमस्कार दादा. मी मानेवाड्याला राहते, शाळा सिव्हिल लाइन्सला आहे, रोजचं जाणंयेणं गाडीनेच. गाडी बाबांची, २००७ ची पेट्रोल, त्यांनी खूप हौसेने घेतली होती, आता त्यांच्याने चालवणं होत नाही म्हणून मी चालवते. दोन महिन्यांपासून पॉवर स्टेरिंग त्रास देऊन राहिलं. सकाळी जाताना ठीक असते, दुपारी शाळा सुटल्यावर बर्डीच्या गर्दीतून येता येता जड व्हायला लागते, घरी पार्किंगमध्ये कोणत्याही बाजूला वळवताना तर दोन्ही हातांनी ओढावं लागते अन् घूंऽऽ असा आवाज येतो. रेस दिली की थोडं हलकं होते. डब्यातलं तेल दोनदा कमी झालं, दोन वेगवेगळ्या गॅरेजात दोनदा टाकून घेतलं. एक मेकॅनिक म्हणतो रॅक बदला, २२ हजार लागतील. दुसरा म्हणतो पंप गेला. तिसरा म्हणतो लीक बंद करायचं औषध टाकून देतो, मग पाहू. रॅक बदलून टाकू का? की वीस वर्षं होत आलेल्या गाडीवर एवढा खर्चच करू नये?

उत्तर :

ताई, आधी सरळ उत्तर देतो, मग कारण सांगतो. रॅक, म्हणजे स्टेरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा खालचा दांड्याचा भाग, आत्ता बदलू नका, पंप पण नको, अन् औषध तर अजिबातच नको. तुम्ही पत्रात चार गोष्टी इतक्या नीट लिहिल्या आहेत की अर्धं निदान तिथेच होऊन जाते, पण त्या तिन्ही मेकॅनिकपैकी कोणी तुम्हाला तुम्ही मला सांगितलं ते विचारलं का हाच मला प्रश्न आहे. कधी जड होतं, गरम झाल्यावर की थंड असताना, एका बाजूला की दोन्ही बाजूंना, रेस दिल्यावर फरक पडतो का, तेल किती दिवसांत कमी झालं. हे न विचारता जो रॅकचा भाव सांगतो त्याने अजून गाडी पाहिलेलीच नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेल दोनदा कमी झालं. इंजिनचं ऑइल थोडंफार जळून कमी होऊ शकते, पण स्टेरिंगचं तेल जळत नाही, ते डब्यातून पंपात, पंपातून रॅकमध्ये अन् रॅकमधून परत डब्यात असं गोल फिरत राहते. ते कमी झालं म्हणजे कुठेतरी बाहेर पडलं, दुसरं कारणच नाही. मग तेल टाकणाऱ्या दोन्ही गॅरेजात "गेलं कुठे" हे शोधायला पाहिजे होतं. नुसतं वरून टाकणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरत राहण्यासारखं आहे.

आता हे काम कसं करते ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुमच्या गाडीत इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा एक छोटा पंप आहे. तुम्ही स्टेरिंग फिरवलं की खाली रॅकवरचा एक व्हॉल्व्ह ठरवतो तेल कोणत्या बाजूला ढकलायचं, अन् ते तेलच चाकं वळवायला मदत करते. पार्किंगमध्ये गाडी उभी असताना स्टेरिंग पूर्ण वळवलं की या लाइनमधला दाब छोट्या गाडीतही ७०-८० बारच्या घरात जातो. टायरमधली ३० पौंड हवा म्हणजे साधारण २ बार, आता हिशोब करा, पस्तीस-चाळीस पट दाब त्या अठरा वर्षं जुन्या रबरी पाइपला सोसावा लागतो, अन् तो पाइप बसलाय कुठे तर तापलेल्या इंजिनच्या शेजारी, अन् गाव आपलं नागपूर, मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असते तर बोनेटच्या आत काय होत असेल विचार करा. रबर कडक होते, क्लिपा ढिल्या पडतात, अन् जिथे रबरी पाइप लोखंडी नळीत दाबून बसवलेला असतो तिथून हळूहळू तेल पाझरायला लागते.

पाझरायला लागलं की डब्यातलं तेल खाली जाते, पंप तेलासोबत हवा ओढायला लागतो, अन् हवा दाबली की दबून जाते, तेल तसं दबत नाही. म्हणून जोर येत नाही अन् तो घूंऽऽ आवाज येतो. दुपारी जास्त होण्याचं कारण हे की तेल गरम झालं की पातळ होते, पातळ तेलाला जुना पंप नीट धरू शकत नाही, अन् गर्दीत इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता हळू चालत असते, म्हणून पंप पण हळू फिरतो. रेस दिली की पंप जोरात फिरतो अन् कमी पडलेलं भरून काढतो. म्हणजे तुमचा बिघाड तेल, हवा, पट्टा नाहीतर पंप या बाजूचा दिसतो. रॅकचा नंबर त्यानंतर. अगदी उलटं असतं, म्हणजे सकाळी थंड गाडीत जड अन् गरम झाल्यावर हलकं, तर मी पण रॅकच्या आतल्या व्हॉल्व्हवर संशय घेतला असता. एकाच बाजूला जड असतं तरी रॅकच म्हटलं असतं. तुमचं दोन्ही नाही.

आता काम. उद्या सकाळी शाळेत जायच्या आधी, गाडी थंड असताना, पुढच्या दोन्ही टायरची हवा चेक करा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो तेवढी. ऐकायला फालतू वाटेल पण मी कितीतरी गाड्या पाहिल्या आहेत ज्यांचं पॉवर स्टेरिंग खराब म्हणून आल्या अन् पुढच्या टायरमध्ये २० पौंड हवा होती. रुंद टायर टाकलेले असतील तरी स्टेरिंग जड होते, ते पण पाहून घ्या.

मग रात्री गाडी लावली की इंजिनखाली एक मोठा स्वच्छ पुठ्ठा सरकवा, कुलरचा नाहीतर फ्रीजचा खोका फाडून चालतो, अन् पुढचं चाक कुठे आहे त्याची पेनाने खूण करून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको. तेल असेल तर ते इंजिनचं की स्टेरिंगचं हे ओळखायला पांढऱ्या कागदावर एक थेंब इंजिनच्या डिपस्टिकचा लावा, एक थेंब स्टेरिंगच्या डब्यातला लावा, अन् पुठ्ठ्याच्या डागाशी जुळवून पाहा. याला मेकॅनिक लागत नाही, तुम्ही मुलांना शाळेत प्रयोग करून दाखवता तसंच आहे.

त्याच वेळी डब्याचं झाकण उघडून आतलं तेल नीट पाहा. रंग काळपट झाला का, जळका वास येतो का. मग कोणालातरी इंजिन चालू करून स्टेरिंग डावी-उजवी फिरवायला सांगा अन् तुम्ही डब्यात पाहा, फेस येतो का, दुधासारखं पांढुरकं होते का. फेस आला तर हवा आत शिरते आहे हे पक्कं, अन् ती बहुतेक वेळा डब्यातून पंपात जाणाऱ्या जाड मऊ पाइपच्या क्लिपपाशी शिरते. ही जागा फसवी आहे कारण तिथून तेल बाहेर फारसं गळत नाही, पण पंप ओढतो तेव्हा हवा आत येते, म्हणून गॅरेजवाल्याला खाली डाग दिसत नाही अन् तो म्हणतो लीक नाही, पंपच गेला. क्लिप अन् हातभर पाइप, एवढ्यासाठी पंप बदललेला मी पाहिला आहे अन् नवीन पंप पण तसाच आवाज करत होता.

एक कळकळीची सूचना. इंजिन चालू असताना बोनेटपाशी वाकताना ओढणी, पदर, मोकळे केस सगळं बांधून घ्या, पट्टा फिरत असतो अन् रेडिएटरचा पंखा आपोआप कधीही सुरू होतो. अन् गळती शोधायला हात लावून पाइप चाचपू नका, बारीक छिद्रातून एवढ्या दाबाने निघालेलं तेल कातडीच्या आत घुसू शकते. कागदाचा तुकडा काठीला लावून फिरवा नाहीतर इंजिन बंद करून पाहा.

डब्याच्या तळाशी पुष्कळ गाड्यांत बारीक जाळी असते. अठरा वर्षांत ती कोणी साफ केली नसेल तर ती गाळाने भरलेली असते, अन् मग डबा भरलेला असून पंपाला तेल मिळत नाही. ही गोष्ट नव्वद टक्के लोक पाहतच नाहीत असं मला वाटते. डबा काढून धुता येतो, जाळी फाटली असेल तर डबाच बदलायचा, रॅकच्या मानाने तो काहीच नाही.

पट्टा इंजिन बंद असताना पाहायचा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण अर्ध्या इंचाच्या आसपास दबला पाहिजे. खूप ढिला असेल, आतल्या बाजूला भेगा असतील, काचेसारखा चकचकीत झाला असेल किंवा तेलाने भिजला असेल तर तो घसरतो. पट्ट्याचा आवाज मात्र घूं नसतो, तो चीं असा कर्कश असतो, सकाळी गाडी चालू केल्या केल्या किंवा स्टेरिंग पूर्ण वळवताना येतो, पावसाळ्यात जास्त. तुमचा आवाज घूं आहे म्हणून मी पट्ट्याला दुसरा नंबर दिला, पण पाहायचा आहेच.

स्टेरिंग शेवटपर्यंत वळवून धरल्यावर येणारा सूंऽ असा आवाज मात्र बिघाड नाही, तो दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो. फक्त तसं पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही, तेल भयंकर तापते. पार्किंगमध्ये ही सवय पुष्कळ लोकांना असते. अन् खड्ड्यातून जाताना खटखट येते तो आवाज पॉवर स्टेरिंगचा नाहीच, तो टाय रॉड, बॉल जॉइंट नाहीतर स्टेरिंगच्या दांड्यावरच्या जॉइंटचा, त्याचं पॉवरशी काही घेणंदेणं नाही.

आता रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना हार्मोनियमच्या भात्यासारखे रबरी बूट असतात. गाडी लिफ्टवर चढवली की मेकॅनिकला सांगा, माझ्यासमोर ते बूट दाबून दाखव, क्लिप काढून आत पाहू. आत तेल भरलेलं निघालं तर रॅकची सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेली, अन् तुमचा पहिला मेकॅनिक बरोबर होता असं मी मोकळेपणाने म्हणेन. पण तेव्हा पण लगेच नवीन रॅक नको. आतला दांडा गुळगुळीत असेल, गंज किंवा खड्डे पडले नसतील तर सील किट टाकून रॅक ओव्हरहॉल होतो, नागपुरात हे काम करणारे जुने कारागीर आहेत, चार जुन्या टॅक्सीवाल्यांना विचारलं की एक-दोन नावं सगळ्यांच्या तोंडून येतात. दांडाच खराब असेल तर मात्र किट टिकत नाही, दोन महिन्यांत परत गळते, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

बूट कोरडे असले, गळती बंद केली, तेल बदललं, पट्टा ठीक आहे, तरी गरम झाल्यावर जड, असं झालं तरच पंप की रॅक हा प्रश्न येतो. अन् त्याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नसते, प्रेशर गेज लावून द्यायचं असते. पंप अन् रॅकच्या मधल्या लाइनमध्ये गेज अन् एक व्हॉल्व्ह लावतात, तेल गरम करतात, मग तो व्हॉल्व्ह पाच सेकंदांच्या आत बंद-चालू करून पाहतात. व्हॉल्व्ह बंद असताना कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत दाब गेला म्हणजे पंप चांगला आहे, मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टेरिंग पूर्ण वळवल्यावर जर दाब चढत नसेल तर तेल रॅकच्या आतल्या आत पळून राहिलं. अन् व्हॉल्व्ह बंद असून दाब चढत नसेल तर पंप दोषी. एवढं साधं आहे. म्हणून २२ हजाराचा आकडा सांगणाऱ्याला फक्त एक वाक्य विचारा, "गेज लावला का, आकडा किती आला?" गेज नाही म्हणाला तर गेज असलेलं गॅरेज शोधा, थोडं लांब पडलं तरी चालेल, हिंगण्याच्या बाजूला जावं लागलं तरी जा.

तेलाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे कारण यात मी स्वतः नुकसान सोसलेलं आहे. पुष्कळ वर्षांआधी अमरावतीला जाताना रस्त्यात तेल कमी वाटलं म्हणून एका गॅरेजात थांबलो, तिथल्या पोराने हाताशी होतं ते ब्रेक ऑइल स्टेरिंगच्या डब्यात ओतून दिलं, मी फोनवर होतो, पाहिलं नाही. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असते, स्टेरिंगच्या सीलचं रबर त्याने फुगते अन् मऊ पडते. महिन्याभरात पंप, रॅक, पाइप सगळीकडून गळायला लागलं, एक डब्बा तेल चुकीचं पडलं म्हणून अख्खी सिस्टिम खोलावी लागली. तुमच्या डब्यात दोन गॅरेजात दोनदा तेल पडलं अन् कोणतं पडलं ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून आधी ते पाहा. काही गाड्यांना लाल रंगाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, चालते, काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं स्टेरिंग ऑइल असते, एकमेकांत मिसळायचं नसते. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये नाव लिहिलेलं असते तेच घ्या, सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा.

तुमच्या केसमध्ये मी गळती काढल्यावर सगळं जुनं तेल काढून नवीन भरायलाच सांगेन. पुढची चाकं वर उचलून स्टँडवर ठेवायची, नुसत्या जॅकवर नाही, परतीचा पाइप काढून बाटलीत सोडायचा, स्वच्छ तेल येईपर्यंत. मग पाइप लावून, इंजिन बंद ठेवून, स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा हळूहळू फिरवायचं अन् डब्यात तेल भरत राहायचं, फुगे यायचे थांबले की मगच इंजिन चालू. घाईत लगेच इंजिन चालू करतात म्हणून आत हवा राहते अन् दुसऱ्या दिवशी परत घूं सुरू. चाकं वर असतानाच अजून एक पाहून घ्या : इंजिन बंद असताना पण स्टेरिंग अडकत असेल, अन् एका पूर्ण फेऱ्यात दोनदा घट्ट दोनदा सैल असं लागत असेल, तर दांड्यावरचा क्रॉस जॉइंट गंजला, पंप-रॅकला हात लावायचं कामच नाही. अन् वळवल्यावर स्टेरिंग आपोआप सरळ येत नसेल तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग पाहायला सांगा.

लीक बंद करायच्या औषधाबद्दल. ते रबर फुगवून गळती थांबवते. फाटलेला पाइप, ढिली क्लिप, झिजलेला पंप यातलं काहीच त्याने नीट होत नाही, अन् जी सील अजून चांगली आहेत ती पण मऊ पडतात. नाही म्हणा.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट, कारण दर उन्हाळ्यात मला असे प्रश्न येतात. हे सगळं तेलाच्या स्टेरिंगचं आहे, जुनी अ‍ॅक्सेंट, इंडिका, क्वालिस, स्कॉर्पिओ अशा गाड्यांचं. २००५ ची स्विफ्ट किंवा तशा इलेक्ट्रिक स्टेरिंगच्या गाड्यांत डबा नाही, तेल नाही, पट्टा नाही, मोटर मदत करते. तिथे जड झालं अन् मीटरवर स्टेरिंगचा दिवा लागला तर आधी बॅटरी अन् अल्टरनेटरचं व्होल्टेज, बॅटरीचे टर्मिनल अन् फ्यूज पाहायचे, मग स्कॅनर लावायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर जातात, अन् कमजोर बॅटरीचा दोष स्टेरिंगवर जातो.

काम होईपर्यंत गाडी चालवायची असेल तर रोज सकाळी डबा पाहा अन् मिनिमम रेषेच्या खाली तेल जाऊ देऊ नका, कोरडा पंप थोड्याच वेळात स्वतःला खाऊन टाकतो अन् त्याचा लोखंडी चुरा रॅकमध्ये जातो, मग २२ हजार खरंच लागतील. जळक्या तेलाचा वास आला किंवा बोनेटमधून धूर दिसला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, तेल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असेल तर आग लागू शकते. अन् चालता चालता पॉवर एकदम गेलीच तर घाबरू नका, स्टेरिंग जाम होत नाही, फक्त खूप जड होते, दोन्ही हातांनी घट्ट धरून वेग कमी करत बाजूला घ्या. हे दुरुस्त होईपर्यंत समृद्धी महामार्गावर किंवा वर्धा-अमरावतीला ही गाडी नेऊ नका, एवढं माझं ऐका.

राहिला प्रश्न एवढा खर्च करावा का. २००७ ची गाडी म्हणजे २०२२ मध्ये री-पासिंग झालीच असेल, ते पाच वर्षांचं असते, म्हणजे २०२७ मध्ये परत आरटीओ, अन् वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरणाची फी आता १०,००० रुपये झाली आहे, ग्रीन टॅक्स वेगळा. तो हिशोब तुम्हाला करावाच लागेल. पण तो स्टेरिंगच्या कोटेशनवरून करू नका. गाडी लिफ्टवर जाईल तेव्हाच खालचा पत्रा, सायलेन्सरच्या बाजूचा फ्लोअर, सस्पेन्शन जिथे बसते त्या जागा गंजल्या का ते पाहून घ्या, अन् इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चेक करून घ्या. पत्रा सडला असेल तर स्टेरिंगवर फक्त गळती थांबवण्यापुरता खर्च करा अन् २०२७ पर्यंत चालवा. पत्रा चांगला असेल, इंजिन चांगलं असेल, तर माझ्या मते ही गाडी ठेवा. तुमच्या पत्रावरून मला हा पाइप, क्लिप, पट्टा अन् तेलाचा खर्च दिसतो, फार तर पंप.

अन् तेलाचं नाव शोधायला आधी बाबांना विचारा. इतकी वर्षं त्यांनी कोणतं तेल टाकलं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसेल, जुनी सर्व्हिसची बिलं डॅशबोर्डच्या खणात नाहीतर कपाटात एखाद्या फाइलमध्ये असतीलच, त्या पिढीने बिलं फेकलेली नाहीत. त्यांना सोबत गॅरेजात घेऊन जा, खुर्ची टाकून बसवा, बूट दाबताना अन् गेज लावताना त्यांना पण पाहू द्या. मग पुठ्ठ्यावरचा डाग कुठे होता अन् गेजचा आकडा किती आला ते मला लिहून पाठवा, पुढचं त्यावर सांगतो.